साखरेच्या डोंगराचा फोटो

बोरिवली,
७ एप्रिल १९८६

ती. सौ. मालनताईस,
सुगंधाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि उत्तर आज लिहिते आहे, तेव्हा चार शिव्या देऊन टाक आणि मग पुढे वाच. यायचंच ठरवलं होतं. पण बोरिवलीहून मुलुंडला बस बदलत येण्यापेक्षा मालवणला जाऊन येणं सोपं, असं चंद्रप्रकाश म्हणतात आणि मग आम्ही दोन्हीकडे जात नाही. अनुपमाची बारावीची परीक्षा झाली. अभ्यासाचा शीण म्हणून ती दिवसभर झोपते. अभ्यास कधी केला ते विचारायचं नाही.

आता कामाचं. एका दिवाळी अंकाने माझ्यावर खास विभाग काढायचं ठरवलंय. हसू नकोस. ‘माझ्या बालपणाने मला कसं घडवलं’ असा लेख मी जूनच्या मध्यापर्यंत द्यायचा आहे. एरवी मी तो एका बैठकीत लिहिला असता, पण मध्ये एक प्राध्यापक कडमडलेत. त्यांनी माझ्या चंपाच्या सगळ्या पुस्तकांवर टीका लिहिली. गिरणी कामगाराच्या घरातली मुलगी इतकी निर्धास्त हुंदडते हे पटत नाही, या बाईंचं बालपण उसनं आहे, असं त्यांचं म्हणणं. माझं डोकंच फिरलं. मी शाळाशाळांतून मुलांना सांगत आले की चंपा म्हणजे मी. आता तुला ठाऊक आहे, चंपा म्हणजे खरं तर तू, मी आजारी असताना तू बाहेर जे जे करून यायचीस आणि मला सांगायचीस ते सगळं. पण वाचकांना एवढ्या तपशिलात कशाला शिरवायचं?

संपादिकाबाईंनी तोड काढली आहे. चंपाच्या खऱ्या जागांचे फोटो छापायचे, म्हणजे प्राध्यापकांचं तोंड बंद. तू उडी मारलीस ती विहीर, खोताची चिंच, खाडीतली चाच्यांची होडी आणि मुख्य म्हणजे साखरेचा डोंगर. तो काय होता गं, खडूची टेकडी? जयवंत नावाचा फोटोग्राफर मे महिन्यात येईल. फोटो मिळाले नाहीत तर मी जगासमोर खोटी ठरेन, एवढं लक्षात ठेव.

भावोजींना नमस्कार. तुझ्या लेकीला, कुंदाला, या दिवसांत जपायला सांग. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सुगंधा


मुलुंड,
१५ एप्रिल १९८६

चि. सौ. सुगंधास,
मालनताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. शिव्या राखून ठेवल्यात, भेटलीस की देईन. टपालाने पाठवल्या तर शिळ्या होतात.

तू चंपा! बाय माझे, संधिवाताचा ताप आला तेव्हा डॉक्टरांनी खाटेवरून पाय खाली ठेवायला मना केलं होतं तुला. दीड वर्ष उंबरठा ओलांडला नाहीस. झुरळ दिसलं की पांघरूण डोक्यावरून घ्यायचीस. असो. चंपा तुला दिली, तुझीच ती. मी काय करू तिचं या वयात?

पण फोटोचं खूळ सोड. विहीर बुजवली. चिंच तोडून तिथे इमारत झाली, आणि सोसायटीचं नाव काय ठेवलंय म्हणशील तर चिंचवन. खाडी आहे, पण नाकाला पदर लावून बघावी लागते, आणि चाचे काही इतकी वर्षं होडी बांधून थांबलेले नाहीत. राहिला डोंगर. साखरेचा होता ना? मग पावसात विरघळला असेल, सुटलो.

तुला अगदीच पाहिजे असेल तर बोरिवलीतल्या एखाद्या विहिरीचा फोटो लाव. विहिरीला काय चेहरा असतो? प्राध्यापक काय उडी मारून बघणार आहे?

कुंदाचे दिवस भरत आलेत. मे महिन्यात मी चेंबूरला तिच्याकडे असेन, तेव्हा तुझ्या त्या जयवंताला पाठवू नकोस. ह्यांना एकट्याला चहासुद्धा करता येत नाही. चंद्रप्रकाशरावांना आशीर्वाद. अनुपमाला झोपू दे. आठवण झाली की पत्र टाक, महिनाभर आठवायला लावू नकोस.

तुझी,
ताई


बोरिवली,
२४ एप्रिल १९८६

ती. सौ. मालनताईस,
शि. सा. न.

ताई, तुझं पत्र वाचून अनुपमा पोट धरून हसली. मला हसू आलं नाही. मी तुला आयुष्यात एक काम सांगितलं आणि तू ते थट्टेवारी नेलंस.

एक विचारते, रागावू नकोस. माझ्या पुस्तकांवर कुठे तुझं नाव नाही, त्याचं तुला वाईट वाटतं का? तसं असेल तर पुढचं पुस्तक तुलाच अर्पण करते, मोठ्या अक्षरात. पण खरं सांगू? हेवा वाटायचा तर मला वाटायला हवा. मी खाटेवर पडून छताचे वासे बघत होते आणि तू मोकळी होतीस. तू शाळेला रामराम ठोकलास, तेव्हा आई तुला एका शब्दाने बोलली नाही. मी काढा थुंकला तर मात्र घर डोक्यावर घ्यायची. तू मजा केलीस, मी ती लिहून काढली, यात कुणाचं काय गेलं?

आणि ते प्राध्यापक म्हणोत काहीही, आपल्याला गरिबीचं भांडवल करायची वेळ आली नाही, हा मला अभिमान आहे. गेल्याच महिन्यात एका व्याख्यानात मी म्हणाले की आमच्या घरात पैसा नव्हता, पण आम्हा मुलींच्या अंगाला त्याची झळ लागली नाही. टाळ्या पडल्या.

जयवंत अठरा मे रोजी येणार. तू चेंबूरला असलीस तरी भावोजी आहेत, त्यांना मी वेगळं कार्ड टाकलंय. ते काही नाही म्हणायचे नाहीत. तुझ्यावर रुसले आहे, पण प्रेम चालूच ठेव.

सुगंधा


मुलुंड,
१९ मे १९८६

चि. सौ. सुगंधाताईंस,
गुणाजीचे आशीर्वाद.

मी पत्र लिहितोय म्हणजे घरात काही वाईट घडलं, असं समजून घाबरू नका. सगळे खुशाल. कुंदाला मुलगी झाली, बाळ-बाळंतीण छान. मालन अजून चेंबूरलाच आहे. संपात गिरणी गेली तेव्हापासून मला वेळच वेळ. पुतण्याच्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानात बसतो आणि येणाऱ्या पोरांना सांगतो की चंपाची पुस्तकं माझ्या मेहुणीची. पोरं विश्वास ठेवत नाहीत.

तुमचा फोटोग्राफर काल आला. पोरगा झकास. चहा त्यानेच केला. मग म्हणाला, विहीर, चिंच वगैरे राहू द्या, साखरेचा डोंगर पाहिजे. मी म्हटलं, त्यात काय, तो तर हा इथे, रुळांच्या पलीकडे. नेला त्याला मिठागरावर. मोसम संपत आलाय, त्यामुळे राशी चांगल्या उंच होत्या, उन्हात डोळे दिपतात. पोराने फिल्म संपवली.

तिथे भिकाजी मुकादम भेटला. आता थकलाय, पण सकाळी येऊन बसतोच. मी म्हटलं, मालनच्या बहिणीच्या पुस्तकासाठी फोटो काढतोय. लगेच ओळख पटली. म्हणाला, बळवंताची थोरली काय, इथे मीठ वाहणाऱ्यांत सगळ्यांत लहान तीच. टोपली रिकामी करून परत येताना स्वतःशीच बडबडायची, हातवारे करायची, बाया तिला खुळी म्हणायच्या. जयवंताने ते फोटोखाली छापायला म्हणून विचारून घेतलं.

सुगंधाताई, मी शिकलेला नाही, पण तुमची कमाल वाटते. मिठाच्या राशीचा साखरेचा डोंगर केलात! मालनच्या तळव्यांना मिठाने चिरा पडायच्या, अजून थंडीत उघडतात, रात्री मेण लावते. तुम्ही चंपाच्या पायाला करवंदाच्या जाळीचे काटे लावलेत. मी मालनला वाचून दाखवलं तर म्हणाली, बरोबर लिवल्यान. त्या प्राध्यापकाला म्हणावं, ये बघायला, आमची बाई खोटं एक अक्षर लिहीत नाही.

जास्त काय लिहू? तुम्ही मोठ्या झालात तरी या घराला विसरला नाहीत, तसंच राहू द्या.

तुमचा,
गुणाजी


बोरिवली,
२६ मे १९८६

ताई,

नमस्कार. मायना लिहायला सुचत नाहीये.

भावोजींचं पत्र आलं. त्यांना वाटतं मला सगळं ठाऊक होतं. मला काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. तू अकरा वर्षांची होतीस. मी मऊ अंथरुणावर बसून तुला विचारायचे की डोंगरावरून माझ्यासाठी मूठभर साखर का आणली नाहीस, आणि तू सांगायचीस की पहारेकरी खिसे तपासतो. त्या साखरेवर मी पुस्तकं लिहिली, त्या पुस्तकांवर हा फ्लॅट आहे. आणि मी टाळ्या घेऊन सांगतेय की आम्हाला झळ लागली नाही. तुझ्या डोक्यावर टोपली होती ताई, आणि मी तुला हेवा वाटतो का म्हणून विचारलं. मला स्वतःचीच शिसारी आली आहे.

जयवंतने फोटो आणून दिला. संपादिकाबाई तर हरखून गेल्यात. त्यांच्या मते हे आधीपेक्षा कितीतरी चांगलं झालं, कारण दिवाळी अंकात करुण नेहमीच चालतं. माझा विभाग मागे विनोदी पानांत जाणार होता, आता पहिल्या पानावर घेणार म्हणतात.

तू हो म्हणालीस तर मी सगळं खरं लिहिते, तुझ्या नावानिशी. नाही म्हणालीस तर लेख देणारच नाही, आणि खोटी ठरले तर ठरले. चंपाचं यापुढे एक अक्षर लिहिणार नाही. कोणत्या तोंडाने लिहू? फक्त एक सांग. विहीर, चिंच, चाचे, त्यातलं एक तरी खरं होतं का गं?

सुगंधा


चेंबूर,
२ जून १९८६

चि. सौ. सुगंधास,
अनेक आशीर्वाद. मायना विसरायचा नाही, आपण काही वाऱ्यावर पडलो नाही.

ह्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही हे मला माहीत होतं, पण फोटोग्राफरला घेऊन वरात काढतील असं वाटलं नव्हतं. बोलून घेतलंय त्यांना. अजून कळलेलं नाही की आपलं काय चुकलं.

आधी आईचं. तिला दोष द्यायचा नाही. बाबा तेव्हा गिरणीत बदलीवर होते, कधी काम मिळायचं, कधी दारातून परत. डॉक्टरांनी तुला रोज दूध, अंडी, औषध सांगितलेलं. मला मिठागरावर पाठवताना आई तोंड फिरवून उभी राहायची. बाबांना आम्ही शाळेतच जाते म्हणून सांगायचो. आणि शाळा मला आवडायची गं. चंपाला शाळेचा कंटाळा, असं तू दर पुस्तकात लिहितेस, तेवढं एक मला लागतं. बाकी काही नाही.

पहिल्या दिवशी घरी आले तर तू विचारलंस, ताई तुझे पाय लाल का? काय सांगणार? म्हटलं, करवंदाच्या जाळीत शिरले होते. दुसऱ्या दिवशी तुझा सवाल, करवंदं कुठायत? झालं, वाट लागली माझी. मग चोर आले, चाचे आले, विहीर आली. मला पोहायला येत नाही अजून, उडी कसली मारते! टोपली घेऊन चालताना आज काय सांगायचं ते जुळवत बसायचे. बाया खुळी म्हणाल्या तर म्हणोत, त्या नादात ओझं कळायचं नाही, चटके कळायचे नाहीत. तेव्हा बहिणीने बहिणीसाठी अमुक केलं, तमुक सोसलं, असलं काही छापू नकोस. निम्मं मी माझ्यासाठीच केलं.

तुझा तो प्राध्यापक हुशार आहे. बालपण उसनं आहे, हे त्याने बरोबर हेरलं. पण जिच्याकडून उसनं घेतलं तिच्याकडेही ते नव्हतं, हे त्या बापड्याला कुठून कळणार?

करुण लिहायचं नाही, मी सांगून ठेवते. पहिल्या पानावर मला रडत बसवलंस तर तुझं तोंड बघणार नाही. पोरं चंपा वाचून हसतात, त्यांना हसू दे. फोटो छाप, खाली साखरेचा डोंगर असंच लिही, कोणी चाटून बघायला येत नाही. आणि लिहिणं बंद करायची भाषा पुन्हा काढायची नाही. कुंदाच्या मुलीला मी काय वाचून दाखवू, रेशन कार्ड?

एक तरी खरं होतं का, असं विचारलंस. होतं एक. संध्याकाळी मी चाळीत शिरले की तू खाटेवर उठून बसलेली असायचीस, डॉक्टरांनी मना केलेलं असताना, दाराकडे तोंड करून. मी पाय धुवायच्या आधी विचारायचीस, मग काय झालं? आई विचारायची दमलीस का, भूक लागली का. तू म्हणायचीस, मग काय झालं? पुढे माझं लग्न झालं, मुलं झाली, सगळ्यांनी माया केली, नाही कशाला म्हणू. पण तशी माझी वाट पुन्हा कुणी पाहिली नाही. तेवढ्यासाठी मी आणखी दीड वर्ष मीठ वाहिलं असतं.

लिहायचंच असेल तर हे लिही. पटलं नाही तर राहू दे. बाळ उठलंय, थांबते. माया आहे तेवढी पुरे, वाढवलीस तर हरकत नाही.

तुझी,
ताई