लुर्देसच्या अर्जावर माझं नाव

सोमवार, ३ मार्च

लुर्देसला बंदूक हवी आहे!! आमच्या लुर्देसला! घरात कोळी दिसला तर खुर्चीवर चढून बसणारी बाई!

आणि मला हे कळलं कुणाकडून, तर पोलिसांकडून. सकाळी मेल आली. 'लुर्देस पिमेंटेल यांनी बंदूक खरेदीच्या परवान्यासाठी अर्ज केला आहे. त्यांना चांगलं ओळखणाऱ्या दोघांपैकी एक म्हणून तुमचं नाव दिलं आहे. खालील प्रश्नांची उत्तरं चौदा दिवसांत पाठवावीत.' आठ प्रश्न. किती वर्षं ओळखता? चाळीस. दारू पितात का? नाताळात, तीही माझ्याच घरी. इथवर सोपं होतं. सहावा वाचला आणि लॅपटॉप मिटून टाकला.

आर्तुर म्हणाला, "एवढं काय त्यात? चांगली बाई आहे म्हणून लिही आणि मोकळी हो."

नवऱ्यांना सगळंच सोपं वाटतं. चांगला मुलगा आहे — टायरवाल्या फोन्सेकांनीही गेल्या महिन्यात सुपरमार्केटात गोळ्या झाडणाऱ्या त्या पोराच्या परवान्यासाठी हेच लिहून दिलं होतं ना?

मंगळवार, ४ मार्च

दुपारी लुर्देस आली. ती काम करते ते सुपरमार्केट अजून बंदच, त्यामुळे तीन आठवडे घरात बसून आहे. नेहमीच्या खुर्चीत बसली नाही. भिंतीला पाठ लावून, दार दिसेल अशी बसली.

"अर्ज केलास आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तू करू दिला असतास?"

"मग माझं नाव कशाला घातलंस?"

"दुसऱ्या कुणाला माझं एवढं माहीत आहे, ओडेट?"

मग एकदम त्या दिवसाचं बोलायला लागली. आतापर्यंत कधी बोलली नव्हती. बेकरीमागच्या थंड खोलीत, पिठाच्या ट्रेमागे तेवीस मिनिटं. सगळं ऐकू येत होतं. गल्ल्यावरच्या मारिसोलचा आवाजही — मग तो थांबला. सहा माणसं गेली.

"माझ्या हातात काय होतं माहितेय? केकवर नाव लिहायची क्रीमची पिशवी! शेवटपर्यंत तीच घट्ट धरून बसले होते. पुन्हा तशी नाही बसणार मी."

मी सूप वाढलं. दोन चमचे खाल्लं तिने.

शुक्रवार, ७ मार्च

ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार, मटण वर्ज्य, म्हणून सुका मासा आणायला गेले. रांगेत फोन्सेका! त्यांच्या मागे-पुढे दोन-दोन हात जागा मोकळी. जसा काही संसर्ग होईल. दुकानदार त्यांना ओलांडून पुढच्यांना माल देत होता.

मला बघून ते जवळ आले. "ओडेट, दोन वर्षं माझ्याकडे टायर बदलायला होता तो. एक दिवस उशीर नाही, एक उलट शब्द नाही. पोलिसांनी मला विचारलं, याचं डोकं ठिकाणावर आहे का? मी टायरवाला माणूस! मला काय कळणार?" मग हळूच म्हणाले, "कुणाशी बोलायचा नाही, एकटाच डबा खायचा. एवढं दिसत होतं मला. पण त्याला कागदावर रकाना नव्हता."

मागून एक बाई मोठ्याने म्हणाली, "लिहून देताना हात नाही झडला?"

मी मासा घेतला आणि बाहेर पडले. त्यांना साधं 'येते' म्हटलं नाही. का? माझं त्यांच्याशी काय वाकडं आहे?

शनिवार, ८ मार्च

लिहिलं नाही अजून.

मंगळवार, ११ मार्च

आज महिना झाला. चर्चमध्ये सहा मेणबत्त्या. लुर्देस आली नाही.

सहावा प्रश्न असा — 'तुमच्या माहितीप्रमाणे अर्जदारावर कधी मानसिक आजारासाठी उपचार झाले आहेत का?'

माझ्या माहितीप्रमाणे! परवापर्यंत जगात ही माहिती आम्हा दोघींनाच होती. एकोणीस वर्षांपूर्वी तिचं बाळ गेलं, पाठोपाठ नवरा निघून गेला. त्यानंतर एका सकाळी ती मला तिच्या स्वयंपाकघरात सापडली. कशी, ते लिहीत नाही. गाडीत घालून मीच हॉस्पिटलात नेलं. सात आठवडे. गावात सांगितलं, बेटावर मावशीकडे गेली आहे. तिची आई तेच खरं मानून मेली. 'मरेपर्यंत कुणाला सांगायचं नाही,' असं वचन दिलं होतं मी तिला. आर्तुरलाही परवाच पहिल्यांदा सांगितलं.

त्यानंतर ती धडधाकट आहे. कामावर जाते, माझ्या मुलीची धर्ममाता आहे. पाय मोडला होता म्हणून कुणी एकोणीस वर्षांनी विचारतं का?

पण गेल्या मंगळवारी माझ्याकडून निघताना लुर्देस म्हणाली, "मारिसोलच्या जागी मी असते तर काय बिघडलं असतं?" हसत म्हणाली. हसत म्हणाली ना? किती आठवून पाहिलं. चेहरा आठवतच नाही.

तिला भीती वाटते म्हणून बंदूक हवी. आणि तिच्यासाठी मला भीती वाटते म्हणून ती नको. दोन्ही खरंच आहे की!

गुरुवार, १३ मार्च

आर्तुर: "खरं लिहिलंस तर ती जन्मात तुझं तोंड बघणार नाही."

"आणि खोटं लिहिलं आणि काही झालं तर?"

"काही होत नाही." पेपरातून मान वर न काढता. कशावरून होत नाही?

चार वाजता लिहिलं — नाही. दोन अक्षरं. पाठवून दिलं. मग उगाच सगळी भांडी पुन्हा घासली.

शुक्रवार, १४ मार्च

लुर्देसचा फोन. "दिलंस उत्तर?"

"दिलं."

"काय लिहिलंस?"

"तू काळजी करू नकोस. मी आहे ना!"

नाक ओढल्याचा आवाज आला. मग "बरं" म्हणाली आणि ठेवला. रडत होती का? आनंदाने असेल.

मी वचन पाळलं की नुसती भ्याले? दिवसभर तेच. एकदा वाटतं वचन, एकदा वाटतं भीती.

सोमवार, २४ मार्च

पोलिसांकडून ब्रॅनिगन नावाच्या अधिकाऱ्याचा फोन. फार नम्र माणूस.

"सहाव्या प्रश्नाचं उत्तर नजरचुकीने तर दिलं नाहीत ना, बाई?"

"नाही."

"विचारतो अशासाठी की अर्जदारांनी स्वतःच सगळं लिहिलंय. हॉस्पिटलचं नाव, तारखा, सात आठवडे. आणि लिहिलंय, मला तिथे ओडेट सिल्व्हेइराने नेलं."

मी फोन टेबलावर ठेवला. तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला.

मंगळवार, २५ मार्च

लुर्देसकडे गेले. दार उघडलं, पण साखळी लावूनच बोलली. अर्ज तिने सकाळीच मागे घेतला.

"एक मन म्हणत होतं बंदूक हवीच. दुसरं म्हणत होतं, घरात आली तर मी एक दिवस ती स्वतःवरच चालवीन. मला ठरवता येईना, ओडेट. म्हणून तुझं नाव घातलं. वाटलं, दुसरं कुणी नाही तरी तू मला अडवशील."

दार लावून घेतलं.