हिरवाडचं मीठ

मंगळवार, ४ नोव्हेंबर

धोंडबा येऊन गेला. ह्यांच्यासोबत कोराडीच्या वीजकेंद्रात, कंट्रोल रूममध्ये तेवीस वर्षं होता. महिन्याअखेर रिटायर होतोय, म्हणून लॉकर रिकामं करत होता. "वहिनी, हे कवडूभाऊचं. माह्या लॉकरात ठेवून गेले होते. मी उघडून नाही पायलं." लाल पाठीची तीन रजिस्टरं.

मला वाटलं मशिनींच्या नोंदी असतील. उघडलं. पहिलीच ओळ — "लांबकान्यांना आता माणसांचा कंटाळा आला होता."

लांबकाने! आठ महिने झाले माणूस जाऊन, आणि आज कळतंय की तो गोष्ट लिहीत होता! पुस्तकं मी वाचायची. हे म्हणायचे, "तू वाच वं, मले झोप येऊन राहिली."

बुधवार, ५ नोव्हेंबर

दुपारी दूध उतू गेलं, पातेलं करपलं. वाचतच होते.

लांबकाने म्हणजे उंच, सडपातळ, टोकदार कानांचे लोक. हजार वर्षं जगतात. झाडांशी बोलतात. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली आणि 'एवढं एकच झाड' म्हणत म्हणत जंगल खात गेली. शेवटी सगळ्यांत जुनं झाड पाडलं, त्या दिवशी लांबकान्यांची राणी उठली. उरलेल्यांना सात टेकड्यांच्या आत घेतलं आणि नवा देश उभा केला — हिरवाड. भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण. सात दारं. सहा दगडांनी बुजवली, सातव्यावर एक म्हातारा दारवान बसवला. बाहेरचा आत नाही, आतला बाहेर नाही. बाहेरची वस्तूसुद्धा नाही! मीठ बाहेरून यायचं, तर राणीनं होतं नव्हतं ते नदीत ओतलं. सगळा देश अळणी जेवू लागला.

हे सगळं माझ्या नवऱ्याच्या डोक्यात होतं? पोह्यात मीठ कमी पडलं तरी न बोलणाऱ्या माणसाच्या?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

राणीनं बरोबर केलं. ज्यानं कुऱ्हाड चालवली त्याला परत आत कशाला घ्यायचं?

मी तरी काय केलं. सहा वर्षांपूर्वी दामिनी परजातीतल्या पोराशी लग्न लावूनच घरी आली — तो ट्रकवर असतो. एकुलती एक लेक. मी म्हटलं, पुन्हा ह्या उंबऱ्यावर पाय ठेवू नको. हे बाजूला उभे होते. गप्प. ह्यांच्या तेराव्याला ती फाटकाशी येऊन उभी राहिली होती. मी पाहिलं, आणि आत गेले.

असो. राणीचं मन मला कळतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

एक गोष्ट आधी लक्षातच आली नव्हती. एकाआड एका भागाखाली — "चार्ज दिला — कवडू." आणि त्याखाली "चार्ज घेतला —", पुढे सहीची नुसती रेघोटी, नाव लागत नाही. ड्युटीवर पाळी बदलताना तशी सही करतात, त्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. म्हणजे गोष्टही पाळीपाळीनं लिहिली! एक भाग ह्यांचा, एक दुसऱ्याचा.

धोंडबाच असणार. फोन केला.

"मी? वहिनी, मले किराण्याची चिठ्ठी लिवाचा कंटाळा येते, गोष्टी काहून लिवीन?" हसला.

म्हटलं, शनिवारी तर दोघं सोबत जेवायचे ना? तुम्हाला सांभारवडी आवडते म्हणून हे डबल डबा न्यायचे.

तो हळूच — "शनिवारी माहा उपास राह्यते, वहिनी. पंधरा वर्षं झाले. कवडूभाऊ ड्युटी सुटली का डबा घेऊन वाडीकडं जात."

शुक्रवार, रात्री

वाडीत दामिनी राहते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी उजेडात दुसरं अक्षर नीट पाहिलं. कालपर्यंत गोष्ट वाचत होते, अक्षर पाहिलंच नव्हतं. दामिनी पहिलीत होती तेव्हा तिच्या पाटीशेजारी बसून मी वाचायला शिकले. तिचा 'ळ' पोटात फुगलेला, तोच माझाही. आणि ओळखायला चार दिवस लागले!

सहा वर्षं! दर शनिवारी मी कोथिंबीर निवडून सांभारवडी करून दिली, वर ओरडले — एवढ्या कशाला, पित्त होईल. आणि ती माझ्या हातचं जेवत होती!

स्वयंपाकघरात खाली बसून राहिले. शेजारची कांताबाई फाटकातून हाक मारून गेली, ओ दिली नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

तिसरं रजिस्टर संपवलं. दारवान रोज चिमूटभर मीठ लपवून आत नेतो. राणीला पहिल्या घासालाच कळतं. ती विचारत नाही. जेवते.

मग दारवान थकतो. शेवटी ह्यांचं अक्षर — "चार्ज दिला — कवडू. १ मार्च." खाली "चार्ज घेतला —", पुढे कोरं.

३ मार्चला हे गेले.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

समजलं मला. राणी म्हणजे मी. दार मी बंद केलं. तोंडावर बोलायची हिंमत नव्हती, म्हणून बापलेकीनं रजिस्टरात लिहिलं. राग आला. मग रडू आलं. मग पुन्हा राग — सहा वर्षं मला एक शब्द नाही!

तरी ठरवलं. आता राणीनंच दार उघडायचं. शनिवारी जाते, म्हणते, झालं गेलं सोडलं मी, चल घरी. पत्ता धोंडबानं दिला, एकदा ह्यांना तिथं सोडलं होतं. म्हणाला, "जा वहिनी. पण भांडाले नका जाऊ."

भांडायला कशाला? माफ करायला चाललेय.

शनिवार, १५ नोव्हेंबर

गोदामांच्या मागे एक खोली. दामिनीनं दार उघडलं, अर्धंच. वाळली आहे. मी म्हटलं, रजिस्टरं वाचली, राणी मीच ते कळलं, आता दार उघडते, चल.

ती म्हणाली, "आई, राणी तू नाहीस. राणी मी आहे. कुऱ्हाड कोणाच्या हातात होती?"

सोबत नेलेला सांभारवडीचा डबा पुढे केला. तिनं घेतला. दार लावलं. कडीचा आवाज आला.

घरी येऊन तिसरं रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर दारवानाची जागा कोरीच होती; तिथं सही केली.

चार्ज घेतला — सुभद्रा.