शिंप्याचा खोकला

ता. ३

चि. डॉक्टरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. मी खुशाल. तुझी खुशाली कळव, आणि खरी कळव.

वीस तारखेच्या तुझ्या भाषणाची मला धास्ती लागली आहे. छातीच्या रोग्यांच्या उशाशी सहा वर्षं बसून जे जमवलंस, ते मोठ्या डॉक्टरांपुढे वीस मिनिटांत सांगायचं म्हणजे घाईच. पाणी जवळ ठेव. आणि रोगी तोंडावर खोकतात तेव्हा मास्क नाकावर असतो ना? बोलताना तो खाली ओढायची तुला खोड आहे.

एक विचारायचं होतं, माझ्यासाठी नव्हे. शेजारच्या शिंप्याला मागच्या महिन्यात ताप-खोकला झाला. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, म्हणून उरलेल्या त्याने व्हॉल्व्हच्या डबीत जपून ठेवल्या. आता ताप परत आला आहे. जिन्यात नवव्या पायरीवर टेकावं लागतं. डबीतल्या गोळ्या चालतील का? माणूस भित्रा आहे, रागावू नकोस. सवडीने कळव, वीस तारखेनंतरही चालेल.

तुझा,
बाबा

ता. ७

ती. बाबांस,

साष्टांग नमस्कार. पत्र वाचलं आणि लगेच शिंपीकाकांच्या दुकानात फोन केला. त्यांना साधी शिंकही आलेली नाही. ते राहतात तळमजल्यावर, नववी पायरी आणणार कुठून? आणि व्हॉल्व्हची डबी शिंप्याकडे नसते बाबा, सायकलवाल्याकडे असते.

काका आजच तुम्हाला इस्पितळात नेणार आहेत. छातीचा फोटो काढून घ्या. डबीला हात लावू नका. पंक्चर काढल्यावर ट्यूब पाण्यात बुडवून बघितल्याशिवाय तुम्ही कधी गिऱ्हाइकाच्या हाती सायकल दिली नाहीत. मग ताप उतरला की आतलं सगळं बुजलं, असं कसं धरून चाललात?

का लपवलंत तेही कळलं. आईच्या आजारपणात मी परीक्षा सोडून आले, वर्ष गेलं, ते तुम्ही अजून उराशी धरून बसलात. ते वर्ष वाया गेलं नाही, बाबा. तिच्या उशाशी बसूनच मी खोकला ऐकायला शिकले. फोटोत काही निघालं तर मी येणार. भाषण दुसरं कुणीही वाचेल.

तुमची,
धाकटी

ता. १४

चि. धाकटीस,

आशीर्वाद. उजव्या फुप्फुसाच्या तळाशी डाग निघाला, हे तुला इथल्या डॉक्टरांनी सांगितलंच आहे. काल घरी सोडलं. ताप गेला, तेव्हा निघायची घाई करू नकोस. भाषण तूच कर. माझी शपथ आहे.

जिना चढताना नवव्या पायरीवर थांबलो खरा, पण या खेपेस शिंपी दमला म्हणून.

तो माझ्यावर फुगला आहे. न विचारता त्याला आजारी पाडलं, हा त्याचा राग. गोळी गिळेपर्यंत समोरून हलत नाही, वर तोंड उघडून दाखवायला लावतो. डबीतल्या जुन्या गोळ्या त्याने इस्पितळात परत दिल्या आणि डबीत पुन्हा व्हॉल्व्ह भरले.

ही गोष्ट तुझ्या सभेत उपयोगी पडणार असेल तर खुशाल सांग. फक्त शिंप्याच्या नावावर घालू नकोस, तो भांडेल. माझा बापच असा वेडा आहे, असं सांग.

लोभ आहे तो शेवटपर्यंत चालू ठेव, मध्येच सोडू नकोस.

तुझा,
बाबा