दादाजवळची चाबी

९ सप्टें., मंगळवार
पुन्हा बॅटरी उतरली. पहाटे पिकअप भरून तयार, चाबी फिरवली तर गाडी ढिम्म. मागे झेंडूचे क्रेट, पुढे पायांपाशी ओल्या पोत्यात गुंडाळलेला निशिगंध, आणि साठीला टेकलेले आम्ही दोघे भाऊ, एक दारातून स्टिअरिंग धरून, एक मागून, धक्का मारतोय. अकोल्याला पोचलो तेव्हा बाजार उठत आला होता.

दादाचं एकच म्हणणं, लाइट मी बंद केलते. वहिनी दारात उभी. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. हल्ली घरात आमचं बोलणं असंच चालतं.

पितृपक्ष आहे म्हणून निभावलं. घट बसल्यावर हे परवडायचं नाही. दसरा गेला म्हणजे वर्ष गेलं.

११ सप्टें.
दादाला घेऊन अमरावतीला डॉक्टरकडे. आज वार कोणता, तालुका कोणता, सगळं त्याने बरोबर सांगितलं. वर डॉक्टरांच्या दारातली शेवंती कशी छाटायची तेही सांगितलं. मला बाहेर बोलावून डॉ. म्हणाले, विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे. गाडी चालवणं जमेल तेवढं टाळा. जमेल तेवढं म्हणजे किती, ते कोणी सांगत नाही.

उन्हाळ्यातलं ते झालं नसतं तर मी डॉक्टरकडे नेलंच नसतं. फुलं घेऊन अकोल्याला निघाला आणि पोचला रिद्धपूरला, साफ उलट्या दिशेला. तिथून फोन, "बापू, अकोला लय बदललं बे." मी हसलो. मग हसू आवरलं आणि बस धरून आणायला गेलो.

तेव्हापासून सगळं दादाच्या खात्यात. काच उघडी राहिली, दादा. इंडिकेटर चालू राहिला, दादा. बॅटरी तर दादाच. परवा मी चार लोकांत म्हणालो, आठवण ठेवत जा ना जरा.

१४ सप्टें., रविवार
दुपारी जेवायला बसलो होतो. अंगणात उभ्या गाडीचा हॉर्न आपोआप सुरू. दोन्ही बाजूचे इंडिकेटर लागले, वायपर फिरायला लागले. गाडीत चिटपाखरू नाही. माझी चाबी खिळ्याला, दादाची त्याच्या करदोट्याला. पहिल्यापासून तो ती तिथेच बांधतो, आंघोळीलाही काढत नाही.

धावत जाऊन बॅटरीची वायर काढली. परत आलो तर दादा वरणात भाकर कुस्करत होता. मी सांगितलं होतं, असं काही तो म्हणाला नाही. म्हणाला असता तर मला बरं वाटलं असतं.

१६ सप्टें.
अकोला, नईमभाईचं दुकान. गाड्यांची वायरिंग हाच त्याचा धंदा. आधी बॅटरीवर खापर, मग कुठलासा रिले बदलला, मग चहा. शेवटी मशीन लावून पाहिलं. डॅशबोर्डखाली एक डबा असतो, बॉडी कंट्रोल मॉड्यूल. दिवे, हॉर्न, वायपर, दरवाजे, चाबी, सगळं तोच बघतो. तो खोलला तर आत हिरवा गंज. पाणी गेलेलं.

पाणी कुठून म्हणता? निशिगंधाच्या पोत्याचं. मागे वाऱ्याने कोमेजतो म्हणून आम्ही तो कायम पुढे ठेवतो. जुन्या गाडीत असंच चाललं, तिच्यात असा डबाच नव्हता.

म्हणजे दादा लाइट बंद करत होता. प्रत्येक वेळी करत होता.

गाडी तिथेच सोडून बसने घरी. दादा वाफ्यात पाणी सोडत होता. त्याला सांगितलं, तुझं खरं होतं. तो म्हणाला, "मंग? मी काय सांगून राह्यलो होतो?" आणि नळी दुसऱ्या वाफ्यात टाकली. माझी मान वर होईना.

१९ सप्टें.
भंगारातून काढलेला एक डबा नईमभाईने लावून पाहिला. गाडीने ओळखच दिली नाही. आता नवा नागपूरहून येतोय.

त्याचा फोन, "दोन्ही चाब्या आणजो भाई. नवीन डब्यात चाबी नव्यानं जोडावी लागते. जो नहीं लाओगे, वो मरी." मी विचारलं, मरी म्हणजे? म्हणजे दार उघडेल, डॅशबोर्डवरचे काट्यांचे दिवे लागतील, इंजिन लागणार नाही.

फोन स्पीकरवर होता. वहिनी तिथेच सुई-दोरा घेऊन हार ओवत होती.

२० सप्टें.
आज वहिनी मळ्यात एकटी आली. एकटी येत नाही कधी. बराच वेळ गवतच उपटत राहिली.

"भाऊजी, त्यायची चाबी राहू द्या इथंच."

मी म्हटलं, ही फसवणूक झाली. डबा खराब होता, दादा नव्हता. आत्ताच कुठे त्याचं खरं निघालं.

"लाइटचं खरं निघालं. पन मांगं एकडाव मी बाजूले बसली होती, रेल्वे फाटकापाशी. त्यायनं मले इचारलं, ब्रेक कोनता."

हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. मी विचारलं, काहून नाही सांगितलं? म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही चाबी काढून घेतली असती, आणि ते घरात बसून राहिले असते. मग रडली. वहिनीला मी रडताना फार पाहिलेलं नाही. काय करावं कळेना म्हणून पंप बंद करायला गेलो. पंप बंदच होता.

२२ सप्टें., सोमवार
घट बसले. भाड्याच्या टेंपोने माल पाठवतोय. त्याचा ड्रायव्हर क्रेट असे फेकतो की जीव तुटतो. कंबर गेली माझी. दादा दिवसभर विचारतोय, गाडी कवा येते. सांगितलं की बरं म्हणतो, तासाभराने परत विचारतो. संध्याकाळी अंगणात बसून धोतराच्या टोकाने चाबी पुसत होता.

२४ सप्टें.
अकोल्याला गेलो. एकटा. दादा उठायच्या आत निघालो.

नईमभाईने नवा डबा लावला, मशीन जोडलं, माझी चाबी घेतली. दुसरी म्हणून हात पुढे केला. मी म्हणालो, हरवली.

सापडली तर घेऊन ये, कधीही जोडून देतो, एवढंच म्हणाला. डबा आता वरच्या बाजूला सरकवून बांधलाय, खाली रबर. फुलं पुढे ठेवू नको म्हणून दम दिला.

येताना गाडी काय चालली! सगळे दिवे जागच्या जागी. बडनेऱ्यापर्यंत एक शब्द मनात नव्हता. बडनेऱ्यानंतर सगळे आले.

२६ सप्टें.
दोन दिवस मीच गाडी लवकर काढत होतो. आज मी गोठ्यात असताना दादाने गाडी गाठली.

बाहेर आलो तर तो सीटवर बसलेला. चाबी फिरवायचा, थांबायचा, परत फिरवायचा. काट्यांचे दिवे लागत होते. मला वाटलं, आता म्हणेल डबा अजून खराब आहे. त्याचं उत्तर मी दोन दिवस घोकून ठेवलं होतं.

तो म्हणाला, "बापू, गाडी चालू कशी कराची, हे बी इसरलो का मी?"

घोकलेलं काहीच कामाचं नव्हतं. मी म्हटलं, राहू दे दादा, आज मी नेतो. तो लगेच उतरला. वाद घातला नाही. डबा बिघडला होता तेव्हा सगळं गाव एकीकडे आणि हा एकीकडे, तरी हटला नव्हता. आज एका चाबीने हटला.

२९ सप्टें.
दादा आता काहीही करायच्या आधी विचारतो. पंप लावू का. कात्री हीच का. जेवलो का मी. ज्या झेंडूची रोपं त्याने हाताने लावली, तो तोडायचा की अजून ठेवायचा, हे आज मला विचारलं.

वहिनीला म्हटलं, मी त्याला खरं सांगतो. ती म्हणाली, काय सांगान? तुझी चाबी आम्ही मुद्दाम मारली म्हणून? आणि जोडून आणली तर फाटकापाशी कोण बसन त्यायच्या बाजूले?

तिचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. माझंही बरोबर आहे असं वाटत नाही. थकलो बुवा.

१ ऑक्टो., बुधवार
उद्या दसरा. गाडी झेंडूने काठोकाठ. निघताना दादा दाराशी येऊन उभा, मी येऊ का? असं तो कधी विचारत नसे, चढून बसत असे. म्हटलं, ये. वहिनीने फडक्यात दोघांच्या भाकरी बांधल्या.

डाव्या सीटवर बसून रस्ता पाहत होता. मूर्तिजापूरला चहाला थांबलो. तिथे त्याने सदरा वर करून करदोट्याची गाठ सोडली. गाठ सुटायला वेळ लागला, मी मदत केली नाही. चाबी माझ्या हातात ठेवली.

"नईमले दाखव एकडाव. चाबीतच कायी असन." मग चहा अर्धा संपल्यावर, "चाबीत नसन तं मले सांगजो. मंग मी नाई मागणार."

बाजार झाला. माल हातोहात गेला. नईमभाईच्या दुकानासमोर गाडी लावून हे लिहितोय. शटर वर आहे. दादा बाजूला बसून भाकरी खातोय. वहिनीचा दोनदा फोन येऊन गेला, उचलला नाही. चाबी माझ्या खिशात आहे, आणि दादाने आत्ताच विचारलं, उतरतो ना?