ओव्हनला सुट्टी

२ मार्च, सोमवार
आजपासून रोज नोंद. मोठं काम हाती घेतलं की पुरावा हवा. काम असं: बेअरिंगच्या रिंगा केमिकलच्या टाकीत बुडवून त्यांच्यावर काळा थर चढवायचा. थर तेल धरून ठेवतो. घर्षण कमी, झीज कमी. टाकी माझ्या ताब्यात. नंतर रिंगा ओव्हनमध्ये भाजायच्या असतात, त्यात अख्खी शिफ्ट जाते. ओव्हनला कायमची सुट्टी द्यायचं ठरवलंय. हे आजवर कोणाला सुचलं कसं नाही, याचंच नवल.

५ मार्च
लॅबच्या मॅडम येऊन गेल्या. म्हणाल्या, टाकीत पोलाद हायड्रोजन पितं. भाजून तो बाहेर काढला नाही तर पोलाद ठिसूळ होतं, कधीतरी तडकतं. कधी, असं विचारलं. सांगता येत नाही म्हणाल्या. याला काय शास्त्र म्हणायचं? चहा पाजून बोळवण केली.

६ मार्च
ओव्हन बंद केला, प्रॉडक्शन वाढलं. साहेब चारचौघांत म्हणाले, डोकं आहे तुम्हाला. बायकोला सांगितलं. तिने विचारलं, त्यांना आत्ता कळलं? कौतुकच असावं. कौतुक धरतो.

९ मार्च, दुपार
सँपलची रिंग दांड्यावर घट्ट ठोकून टेबलावर ठेवलीय, शोभेला. डबा खाताना तिथून 'टक्' असा आवाज आला. उन्हाने लाकूड वाजतं.

संध्याकाळी
टेबल लोखंडी आहे. पण लोखंडही तापतंच की.

१० मार्च
रिंगेवर केसाएवढी रेघ. पुसली, जात नाही. ती बाजू भिंतीकडे केली.

१२ मार्च
माझ्या रिंगा मोठ्या ब्लोअरमध्ये, पंख्याच्या दांड्यावर घट्ट ठोकून बसवल्या. सोमवारी ट्रायल. ब्लोअर चालवतो माझा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याला इथे मीच चिकटवला. पंखा पुरुषभर उंच, पुढची जाळी दुरुस्तीला गेलेली, आणि स्विच बरोबर पंख्यासमोर. बायकोने विचारलं, त्याला काही होणार नाही ना? मी हसलो. जरा जास्तच हसलो बहुतेक. ती हसली नाही.

१४ मार्च
कपाटात आणखी सँपल्स आहेत, तीही दांड्यांवर ठोकलेली. आज तिथूनही टक्. थोड्या वेळाने पुन्हा. पाल असावी. कपाट उघडलं नाही. उगाच बिचारी दचकायची.

१५ मार्च, रविवार
मॅडमचे दोन फोन. उचलले नाहीत. सुट्टीच्या दिवशी माणसाने घरच्यांना वेळ द्यावा. सासूबाई आल्या होत्या. म्हणाल्या, जावई तिथे आहेत म्हणून पोराची काळजी वाटत नाही. मला जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

संकल्प: ओव्हन पुन्हा सुरू करायचा. पण ट्रायल झाल्यावर. आधी केला तर लोकांना वाटेल, आपलं काहीतरी चुकलं होतं.

१६ मार्च
साहेब, मॅडम, सगळे जमले. मेहुणा स्विचपाशी गेला. वळून म्हणाला, "भाऊजी, मी इथेच उभा राहू ना?"

हो म्हणायचं होतं. पुढचं भाषणही पाठ होतं. तोंडातून निघालं, "नको."

साहेबांनी कारण विचारलं. एकही धड कारण सुचेना. शेवटी म्हणालो की मला भीती वाटते. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

ब्लोअर उघडायला लावला. रिंग आरपार तडकलेली. या रिंगांवर पंखा अजून एकदाही फिरला नव्हता.

टाकी मॅडमच्या ताब्यात गेली. उद्यापासून मी पॅकिंगला. तिकडे हवा चांगली आहे, शिवाय अनुभवी माणसाची गरज होतीच.

सुटताना मेहुण्याने विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

म्हणालो, "आत्ताच कळलं."

तो रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी येतो. आज चालत गेला.