मळा किंवा सही

मी, कमल केशवराव कळंबे, राहणार सौंसर, जिल्हा पांढुर्णा (दोन वर्षांमागे छिंदवाडा; घर जागचं हललं नाही, जिल्हा हलला), वय आधार कार्डाप्रमाणे ऐंशी, धंदा पूर्वी संत्र्याची रोपं विकणे आणि सध्या खाटेवरून हुकूम सोडणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत व शुद्ध मनानं करीत आहे. मला लिहिता-वाचता येत नाही. मी बोलले आणि वकील पूनम बोबडे यांनी लिहून घेतलं. कचेरीसाठी हिंदी प्रत सोबत जोडली आहे, पण अंगठा मी कानांनी ऐकलेल्या मराठीवर लावला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मरायचं पुष्कळदा मनात आलं, पण तेव्हा वाटणी सुचत नसे.

"शुद्ध मनानं" हे शब्द पूनम प्रत्येक मृत्युपत्रात न थांबता लिहिते. माझ्या वेळी तिनं पेन थांबवला. म्हणून आधी त्यांचा खुलासा.

१. मला मनाचा आजार आहे. सौंसरात सर्वांना माहीत आहे, तेव्हा कागदापासून लपवण्यात अर्थ नाही. कधी महिनोन्महिने खाट सुटत नाही, आणि कधी झोप लागत नाही व सगळं जग आपलंच वाटतं. अशाच एका भरात मी मळ्यातला संत्र्यांचा सगळा बहार उतरवून पांढुर्ण्याच्या स्टेशनवर नेला आणि थांबेल त्या गाडीच्या खिडक्यांतून वाटून टाकला. माझे यजमान केशवराव मागून धापा टाकत आले आणि म्हणाले, "निदान टोपल्या तं वापस घे त्याइच्यापासून." मोठा मुलगा श्रीकांत तेव्हा कॉलेजात होता. त्याची लाज अजून उतरलेली नाही. पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी लिथियमची गोळी लावली. ते एक प्रकारचं मीठच असतं. ती मी नेमानं घेते आणि सांगतील तेव्हा रक्त तपासते.

२. श्रीकांतची मुलगी ऋतुजा बंगलोरला मेंदूची शास्त्रज्ञ आहे. तिचं शिक्षण याच घरात सुरू झालं. मी समोर खाटेवर पडलेली असताना ती पोर विचारायची, "आजी, तू वापस कधी येशीन?" मग नागपूरला तिनं रसायनशास्त्र केलं आणि बंगलोरला मेंदूतली रसायनं. सुरुवातीची वर्षं उंदरांत गेली. लग्नाला आलेले पाहुणे "मुलगी काय करते" विचारत आणि तिची आई पुष्पा "बंगलोरले आहे" एवढंच सांगे.

लिथियम काही लोकांना लागू पडतं आणि काहींना पडत नाही, असं का, हा तिचा शोध आहे. त्यासाठी तिनं माझं रक्त नेलं आणि माझा धाकटा मुलगा मंगेश याचंही, कारण हा आजार त्यालाही आहे. आमच्या रक्तापासून तिनं काचेच्या बशीत मेंदूच्या पेशी वाढवल्या. लिथियम टाकलं की माझ्या पेशींची धावपळ कमी होते. मंगेशच्या पेशी ऐकत नाहीत. त्याला ती गोळी का लागू पडली नाही, हे डॉक्टरांपेक्षा त्या बशीनं मला जास्त नीट सांगितलं. फोनवर मी विचारलं, "माही बशी काय करून राहिली आता?"

"शांत आहे, आजी."

"माह्यापेक्षा बरी आहे मंग."

त्या पेशी मी जिवंतपणीच अंगठा लावून दिलेल्या आहेत. त्यांची इथं वाटणी नाही.

३. बस स्टँडजवळचं राहतं घर, मागचं अंगण, विहीर आणि रस्त्याकडची खोली, जिथं मंगेश पंपाच्या मोटारी वाइंड करतो, हे सर्व मी मंगेशला देते. तो आजारी पडला, दवाखान्यात राहिला, तरी घर त्याचंच. परत येईल तेव्हा दाराला कुलूप त्याचंच असावं.

श्रीकांतचं म्हणणं वेगळं आहे. तो वाईट नाही. पांढुर्ण्यात संत्र्याचा व्यापार करतो आणि कुठलीही जागा पाहिली की तिथं किती पेट्या लागतील हे त्याला आधी दिसतं. मागच्या महिन्यात तो म्हणाला, "आई, मंगेशले नागपूरले कुठंतरी ठेवू. तिथं चांगली सोय राहते. इथं दुकानाचे गाळे काढू."

मंगेश तिथंच मोटार उघडून बसला होता. "दादा, माह्या खोलीचा गाळा कोणाले देशीन?"

"अरे, तुह्या भल्यासाठी म्हणून राहिलो."

"माह्या भल्याले शटर लावून राहिला तू."

४. यजमानांचा संत्र्याची कलमं बांधायचा चाकू श्रीकांतला. धार अजून आहे, सांभाळून वापरावा. सून पुष्पा हिनं आयुष्यभर पाहुण्यांना "सासूबाईंना बीपी आहे" असं सांगितलं. तिच्या शब्दाखातर ऋतुजानं मला बीपी मोजायचं यंत्र आणून दिलं. बीपी मला कधीच नव्हतं, म्हणून यंत्र नवंकोरं आहे, ते पुष्पाला. माझ्या वाईट महिन्यांत माझी वेणी तिनंच घातली, म्हणून सोन्याची पोतही तिलाच.

५. घर मंगेशला द्यायचं ठरलं तेव्हा पूनमसमोरच श्रीकांत एक छापील लेख घेऊन आला. लेख ऋतुजाचा होता. त्यानं मला तो मराठीत सांगितला: मध्य भारतातल्या लहान गावातली वृद्ध स्त्री, उन्मादाचे वारंवार झटके, एका मुलालाही तोच आजार.

"कोर्टात हे दाखवलं तं तुह्या अंगठ्याले काय किंमत राहीन, आई? मी नाही, तुह्या नातीनं लिहिलं हे."

"स्टेशनवरच्या संत्र्याचं लिहिलं का त्यात?"

"नाही."

"मंग अर्धंच लिहिलं पोरीनं."

तो हसला नाही. पूनमही हसली नाही. ती म्हणाली, लेख लिहिणारीनंच साक्षीदार म्हणून सही केली, तर लेखाचा धाक राहणार नाही. पण मृत्युपत्रावर जो साक्षीदार असतो त्याला त्यातून काही मिळता कामा नये. मिळालं, तर त्याच्या सहीला कोर्टात किंमत राहत नाही.

आणि लोधीखेड्याच्या रस्त्यावरचा संत्र्याचा मळा मी ऋतुजाला तोंडी कधीचाच देऊन बसले आहे. बंगलोरची तिची नोकरी कराराची आहे, ती संपत आली. मळ्यातल्या खोलीत राहायचं आणि इकडच्या घराघरांत हे दुखणं एका पिढीतून दुसरीत कसं उतरतं ते पाहायचं, असा तिचा बेत आहे. तिनं खोलीची मापंसुद्धा घेतली आहेत.

६. म्हणून असं लिहिते. ऋतुजानं साक्षीदार म्हणून सही केली, तर मळा श्रीकांतचा. तिनं सही केली नाही, तर मळा ऋतुजाचा, आणि साक्षीदार म्हणून पूनमचा कारकून सही करील. मग मंगेशच्या घराचं कोर्ट काय ते ठरवील.

"आजी, असं अधांतरी लिहीत नाहीत," पूनम म्हणाली.

"लिही बाई. अधांतरीच आहे."

ऋतुजा आज सकाळीच आली. तिला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, शुद्ध मन असं आमच्या शास्त्रात काही नसते. तिथं फक्त कमी-जास्त असते."

"मले माहीत आहे, पोरी. पण कचेरीत कमी-जास्त चालत नाही."

"अन् बाबा? मी त्याइच्या विरोधात सही करू?"

"तुह्या बाबाले मळा भेटून राहिला. फुगायचं असलं तं मळ्यात जाऊन फुगू दे."

मग ती उठून बाहेर गेली. हे लिहून घेणं चालू आहे आणि ती मागच्या अंगणात मंगेशजवळ बसली आहे. मंगेशला यातलं काही सांगितलेलं नाही. तो तिला तांब्याची तार कशी गुंडाळायची ते दाखवतो आहे. तिनं सही केली नाही, तर तिला कोणी बोल लावू नये. मळा तिनं मागितलेला नव्हता, मी दाखवला होता.

७. मळा श्रीकांतला गेला आणि त्यानं मी वेडी म्हणून या मृत्युपत्राला कोर्टात आव्हान दिलं, तर मळाही मंगेशला जाईल. मी वेडी असेन, तर मळा देणारीही तीच बाई आहे. घर देताना वेडी आणि मळा देताना शहाणी, एवढी सोय मी करून ठेवणार नाही.

८. माझ्यामागं "सुटली बिचारी" असं कोणी म्हणू नये. मला कोणी बांधलेलं नव्हतं.

वरील सर्व मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. पूनमनं दोन ठिकाणी माझी भाषा सभ्य केली होती, ती मी परत होती तशी करून घेतली. त्यानंतर दोन्ही साक्षीदारांसमोर डाव्या हाताचा अंगठा लावला.

ठिकाण: सौंसर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

(डाव्या हाताचा अंगठा) कमल केशवराव कळंबे

साक्षीदार:

१) दादाराव सोमकुवर, निवृत्त तहसील कर्मचारी, शेजारी. कमलबाईंनी माझ्यासमोर अंगठा लावला.
(सही) दादाराव सोमकुवर

२) मी मृत्युपत्र करणारीची नात. पाचव्या मुद्द्यातला लेख माझा आहे, आणि त्यातली स्त्री म्हणजे हीच कमल केशवराव कळंबे. त्या लेखात मी तिच्या आजाराविषयी लिहिलं. तिच्या निर्णयाविषयी एक ओळही लिहिली नाही, कारण तो मी तपासलाच नव्हता. आज तपासला. घर कोणाला, मळा कोणाला आणि का, हे उलटसुलट विचारूनही तिनं तेच सांगितलं, आणि शेवटी, प्रवासात माझी झोप झाली नाही का, असं मलाच विचारलं. ती शुद्ध मनाची आहे. हे शब्द मी आजवर कोणाविषयीच लिहिले नव्हते. सहावा मुद्दा मी स्वतः वाचला आहे.
(सही) ऋतुजा श्रीकांत कळंबे