कॉल सणसरचा, उत्तर बारामतीचं

३ नोव्हेंबर १९९७, बारामती
कारखान्याच्या बारामती ऑफिसात आजपासून माझी ट्रायल. सिस्टिम चालली तर पर्मनंट, नाही तर घरी. चालणारच आहे.
आयडिया माझी. सणसरच्या गट ऑफिसातला कॉम्प्युटर शेतकऱ्याचा नंबर पाठवणार, बारामतीचा सर्व्हर ऊसतोडीची तारीख काढणार, ती सणसरच्या स्क्रीनवर दिसणार. याला रिमोट प्रोसिजर कॉल म्हणतात. बायकोला, सुप्रियाला, तासभर समजावलं. ती मध्येच भाजी परतायला उठली. नुकसान तिचं.

७ नोव्हेंबर
दोन्ही मशीन एकाच टेबलावर ठेवून टेस्ट. एका सेकंदात उत्तर! शिपाई सर्जेराव बघत होते. म्हणाले, "ह्या टोकाचं त्या टोकाला सांगायला येवढी वायर?" दुर्लक्ष केलं.

११ नोव्हेंबर, सणसर
क्लायंट, म्हणजे नंबर पाठवणारं मशीन, इकडे हलवला. इथल्या मॉडेमने फोन लावायचा, बारामतीच्या मॉडेमने घ्यायचा. तिकडे आता फक्त सर्व्हर आणि सर्जेराव. मॉडेमचा स्पीकर बंद केला. ती किरकिर प्रोफेशनल वाटत नाही.
दिवसभर स्क्रीनवर 'नो कॅरिअर'. म्हणजे पलीकडचा मॉडेम लागतच नाही.

१४ नोव्हेंबर
नो कॅरिअर. सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिला. माझ्या कोडमध्ये चूक नव्हतीच. ती सुधारली.

१९ नोव्हेंबर, बारामती
कारण सापडलं. सर्जेराव! स्वतःच तक्रार घेऊन आले. "रोज कोन तरी फोन करतंय. उचलला की नुसतं पीं पीं. बोलत न्हाय. अडचणीत हाय बिचारं. मी आपला धीर देतो."
ऑफिसात लाइन एकच. मॉडेम दुसऱ्या रिंगला उचलतो, सर्जेराव पहिल्या. बावीस वर्षांची सवय. मॉडेम पहिल्या रिंगवर सेट केला. सर्जेराव अर्ध्या रिंगवर आले.
उचलू नका म्हणालो. तर म्हणाले, "वाजता फोन तसाच सोडायचा? कुणाच्या घरी काय झालं आसंल, आपल्याला कळतंय व्हय?"

२४ नोव्हेंबर
फोनवर पाटी लावली. 'उचलू नये.' सर्जेरावांनी पाळली. नेमका चेअरमनसाहेबांनी फोन केला. मॉडेमने घेतला आणि त्यांच्या कानात किंचाळला. सर्जेरावांना बोलणी बसली, पाटी निघाली. साहेबांना टेक्नॉलॉजीची जाण नाही. माघार घेणार नाही.

५ डिसेंबर
सोमवारी सणसरला चेअरमनसाहेबांसमोर डेमो. सर्जेरावांनी कबूल केलं, "बिरोबाची आण, हात लावत न्हाय." सुप्रियाने विचारलं, सणसरहून एकदा तरी चाललंय का? म्हटलं, रोज चालवलं तर डेमोला नवीन काय राहील?

८ डिसेंबर, सणसर
एंटर दाबलं. साहेब, पंधरा माणसं, सगळ्यांची नजर स्क्रीनवर. म्हटलं, क्लायंट उत्तराची वाट बघतोय. साहेब म्हणाले, "आमीबी."
नो कॅरिअर. तीनदा.
ज्यांची तारीख काढायची होती ते दत्तोबा उठले आणि त्यांनी साधा फोन लावला. अर्धी रिंग. सर्जेरावांनी तोडीची वही बघून सांगितलं, एकवीस डिसेंबर. वर दत्तोबांच्या गुडघ्याची चौकशी.
मी फोन हिसकावून शपथेचं विचारलं. सर्जेराव म्हणाले, "आज चेअरमनसाहेब तिकडं. म्हनलं, फोन त्येंचाच आसनार. त्येंचा कसा सोडायचा?"
साहेब खूश. "हीच शिस्टिम चालू ठेवा." म्हणजे मी यशस्वीच. विचारणा सणसरला, काम बारामतीला, उत्तर परत. तत्त्व माझंच. पण घरी जाताना रडू आलं. धूळ फार आहे या रस्त्याला.

१५ डिसेंबर, बारामती
पर्मनंट झालो! म्हटलंच होतं. काम: फोन घेणे, वही बघून तारीख सांगणे. सर्जेरावांच्या हाताखाली. कॉम्प्युटरवर कव्हर घातलंय. हे सगळं तात्पुरतं आहे.

सकाळी ११.१०. पहिला कॉल. पहिल्याच रिंगला उचलला. वडगाव निंबाळकरचे हिंदुराव. तारीख सांगितली, स्पष्ट, अचूक, पाच सेकंदांत.
ते म्हणाले, "बरं. आता सर्जेरावांना द्या. खरी हाय का इचारतो."